एच-४ ईएडी कोर्टात टिकलं. आता भरवसा कुणाचा, जजचा की खात्याचा?

गोदाकाठची | १५ ऑक्टोबर २०२५

काल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 'सेव्ह जॉब्स यूएसए'ची याचिका ऐकायला नकार दिला आणि एप्रिल २०१५ पासून चाललेला खटला एकदाचा संपला. ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्याचा आय-१४० (कंपनीने भरलेला ग्रीन कार्डसाठीचा अर्ज) मंजूर झालेला असेल किंवा सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळालेली असेल, तर त्याच्या एच-४ या अवलंबित व्हिसावरच्या जोडीदाराला नोकरीची परवानगी, म्हणजे ईएडी, मिळते. ओबामांच्या काळात, मे २०१५ मध्ये हे लागू झालं. त्याआधीच सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीतून नोकऱ्या गेलेल्या आयटीवाल्यांची ही संघटना कोर्टात गेली होती. त्यांचं म्हणणं, आमची कामं एच-१बी वाल्यांनी घेतली, आता त्यांच्या बायकाही स्पर्धेला येणार. (मीही एडिसनचीच, पण न्यूजर्सीच्या. कृपया गल्लत नको.)

मी इथे एका दवाखान्याचे हिशेब बघते. ईएडी आल्यापासून दरवर्षी कुणीतरी सांगायचं की यंदा नियम जाणार. २०१७ पासून २०२१ च्या सुरुवातीपर्यंत तर तो रद्द करण्याचा प्रस्ताव सरकारच्या यादीत असायचाच. पण खरी धडकी भरली जून २०२४ मध्ये. सुप्रीम कोर्टाचा लोपर ब्राइट निकाल आला, सरकारी खात्याचा वाजवी अर्थ कोर्टाने मानावा असं सांगणारं जुनं शेव्हरॉन गेलं, आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'खात्याने लावलेला अर्थ आता कोर्ट मानणार नाही, म्हणजे ईएडी संपलं' असं रडगाणं सुरू झालं. प्रत्यक्षात पाचच आठवड्यांत डी.सी.च्या अपील कोर्टाने ईएडी कायम ठेवलं, आणि काल वरच्या कोर्टाने हात लावला नाही.

तर प्रश्न असा. इमिग्रेशन कायद्याचा अर्थ लावायचा शेवटचा अधिकार जजकडे असणं आपल्यासारख्यांच्या फायद्याचं, की खात्याकडे असणं? मला वाटतं जजकडे. निदान निकालाला कारणं तरी लिहून देतात. तुमचं काय मत?

पाववडा

अभिनंदन! पेढे कधी?

बेएरियाकर

अभिनंदन, पण जरा सबुरीने. सुप्रीम कोर्टाने 'नियम बरोबर आहे' असं म्हटलेलं नाही, 'आम्ही ऐकत नाही' एवढंच म्हटलंय. याचिका ऐकायची तर नवापैकी चार जज तयार व्हावे लागतात, ते झाले नाहीत. त्यामुळे २ ऑगस्ट २०२४ चा डी.सी. सर्किटचा, म्हणजे तिथल्या अपील कोर्टाचा, निकाल उरला, आणि तो त्या सर्किटपुरताच बंधनकारक. उद्या टेक्सासमध्ये नवा वादी उभा राहिला तर? जुलै २०२४ च्या कॉर्नर पोस्ट निकालाने जुन्या नियमांना आव्हान द्यायची सहा वर्षांची मुदत वादीला झळ बसल्यापासून मोजायची ठरवली आहे, नियम निघाल्यापासून नाही. म्हणजे २०१५ चा नियम जुना झाला म्हणून सुरक्षित, असं नाही.

शेव्हरॉनबद्दल बरेच जण ऐकीव बोलतात म्हणून लिहितो. १९८४ चा खटला, हवेच्या प्रदूषणाचा. कायद्यातली भाषा संदिग्ध असेल आणि खात्याने लावलेला अर्थ वाजवी असेल, तर जजने स्वतःचा अर्थ न रेटता खात्याचा मानायचा, असं त्यात ठरलं. गंमत म्हणजे तेव्हा सरकार रेगन यांचं, नियम कारखानदारांच्या सोयीचा आणि हरले पर्यावरणवाले. नियम आला तेव्हा पर्यावरण खात्याच्या प्रमुख होत्या ॲन गोर्सच. त्यांचे चिरंजीव नील गोर्सच पुढे जज झाले आणि शेव्हरॉनच्या मागे हात धुऊन लागले.

इमिग्रेशनशी संबंध? २०१६ मध्ये दहाव्या सर्किटमध्ये असताना त्यांनी शेव्हरॉनवर जो प्रसिद्ध हल्ला चढवला, तो इमिग्रेशनच्याच खटल्यात, गुटिएरेझ-ब्रिझुएला. कोर्टाने आधी एक अर्थ लावला होता, त्यावर विसंबून एका माणसाने अर्ज केला. मग खात्याने उलटा अर्थ लावला आणि तो त्याला मागच्या तारखेपासून लागू केला. गोर्सच यांना राजकीय विरोध करणाऱ्यांनीही ते मत वाचावं.

तिरपागडे

आईच्या खात्याला मिळालेली सवलत मुलाने काढून घेतली. घरोघरी मातीच्या चुली.

कज्जेदलाल

पुण्यात वकिली करतो, अमेरिकेतली नाही, तेव्हा माझ्या बोलण्यावर कुणी अर्ज भरू नये.

लोपर ब्राइट समजायला आपल्या सोसायटीचे उपविधी आठवा. कायदा विधानसभेचा, उपविधी त्याखाली, आणि रोजचा कारभार सेक्रेटरीच्या हातात. 'पाहुण्यांच्या गाड्यांची योग्य व्यवस्था' म्हणजे काय ते आजवर सेक्रेटरी ठरवत होता आणि निबंधक 'वाजवी वाटतंय' म्हणून सोडून देत होते. आता निबंधक म्हणतात, अर्थ मीच लावणार, सेक्रेटरीचं म्हणणं फक्त ऐकून घेणार. ऐकून घेणं मात्र कायम आहे, १९४४ च्या स्किडमोर निकालापासून. खात्याचा युक्तिवाद पटण्याजोगा असेल तेवढंच त्याला वजन.

पाववडा

आमच्या सेक्रेटरीला हे कळवा कुणीतरी. त्यांच्याकडे शेव्हरॉन अजून जोरात चालू आहे.

रेवदंडेकर

गोदाकाठची यांच्याशी १०० टक्के सहमत. खात्यावर भरवसा ठेवणाऱ्यांनी २०१८ आठवावं.

तेव्हा मी एका कन्सल्टन्सीतर्फे डॅलसमध्ये एका बँकेत होतो. मुदतवाढीचा अर्ज, तीच कंपनी, तेच काम, आणि आरएफई (आणखी पुरावे मागणारी नोटीस) आली हातभर लांब. तीन वर्षं रोज काय काम करणार याचा तपशील द्या, एण्ड क्लायंटचं पत्र द्या, तुमच्यावर देखरेख कोणाची ते सिद्ध करा. क्लायंट असली पत्रं देत नाही, त्याला काय पडलंय? शेवटी मंजुरी आली ती काही महिन्यांपुरती, आणि ती हातात पडेपर्यंत पुढचा अर्ज भरायची वेळ झालेली. त्या आर्थिक वर्षात नव्या एच-१बी अर्जांपैकी जवळजवळ २४ टक्के नाकारले गेले. २०१५ मध्ये हेच प्रमाण ६ टक्के होतं. मधल्या काळात संसदेने कायद्याचा एक शब्द बदललेला नव्हता. बदलले ते मेमो.

मार्च २०२० मध्ये आयटीसर्व्ह अलायन्सच्या खटल्यात जज कॉलियर यांनी हे सगळं धरून झोडपलं, आणि जूनमध्ये खात्याला २०१० आणि २०१८ चे मेमो मागे घ्यावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरात नवव्या सर्किटचा इनोव्हा सोल्यूशन्सचा निकाल आला. खात्याचं म्हणणं होतं, सरकारी पुस्तिकेत 'बहुतेक प्रोग्रामर पदवीधर असतात' असं लिहिलंय, 'सर्वसाधारणपणे पदवी लागते' असं नाही, म्हणून अर्ज नामंजूर! कोर्टाने या दोहोंत काडीचा फरक नाही असं सांगून खात्याचा निर्णय मनमानी ठरवला.

जज नसते तर मी आज रेवदंड्याला नारळ मोजत बसलो असतो.

तिरपागडे

नारळाला सध्या काय भाव आहे बघा. तोटा झाला असेल तुमचा.

बेएरियाकर

@रेवदंडेकर, दोन्ही उदाहरणं चपखल, फक्त एक लक्षात घ्या. दोन्ही निकाल २०२० चे, म्हणजे शेव्हरॉन जिवंत असतानाचे. मेमो हरले कारण खातं स्वतःच्याच लिखित नियमांना सोडून वागलं आणि लोकांचं म्हणणं न मागवता नवी अट घातली. त्यासाठी लोपर ब्राइटची गरज पडली नाही. शेव्हरॉन म्हणजे खात्याला मोकळं रान होतं, हे चित्र तितकंसं खरं नाही.

मिरजमावशी

शेव्हरॉन होतं तेव्हा आपलं बरं चाललं होतं असं कुणाला वाटत असेल तर २०१४ चा क्वेयार दे ओसोरिओ निकाल बघा. आईवडील वर्षानुवर्षं रांगेत, दरम्यान मूल २१ वर्षांचं झालं, म्हणजे बाहेर. अशा मुलांसाठी २००२ मध्ये संसदेने खास कायदा केला होता. त्यातलं एक कलम धड लिहिलेलं नाही असं कोर्टानेच म्हटलं, आणि मग संदिग्ध आहे म्हणून खात्याचा सगळ्यात कंजूष अर्थ शेव्हरॉनच्या आधारे मान्य केला. पाच विरुद्ध चार. मुलं गेली रांगेच्या शेवटी.

माझा मुलगा इथे आला तेव्हा बालवाडीत होता. आता कॉलेजात आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये खात्याने मुलांचं वय धरायची पद्धत सैल केली, व्हिसा बुलेटिनमधला (ग्रीन कार्डच्या रांगेच्या मासिक पत्रकातला) लवकरचा तक्ता वापरायचा ठरलं. आम्ही हिशेब मांडला, थोडक्यात बसत होतं. यंदा १५ ऑगस्टपासून पुन्हा उशिराचा तक्ता. यात कायदा बदलला नाही, नियमही बदलला नाही, खात्याच्या धोरण-पुस्तिकेतलं एक पान बदललं. आमच्याकडे आता त्याला एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर टाकायची तयारी चालू आहे. परक्या देशाच्या विद्यार्थ्याची फी भरायची, आणि शाळा सगळी इथली.

गोदाकाठची

मावशी, वाचून पोटात खड्डा पडला. आमची धाकटी तिसरीत आहे, तरी मी आत्तापासून गणित मांडत असते.

कोल्हापुरी_ठसका

एक कडू बोलतो. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या ती माणसं कुणाला दिसत नाहीत का या धाग्यात? आपल्याकडे ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्या म्हणून मोर्चे निघतात, शासन निर्णय निघतात, तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. तीच मागणी कॅलिफोर्नियातल्या माणसाने केली की तो खलनायक? आणि इतका जाच असेल तर परत या की. कुणी धरून ठेवलंय?

पाववडा

आला रे आला, 'परत या' आला. मी पॉपकॉर्न घेऊन बसलो.

गोदाकाठची

@कोल्हापुरी_ठसका, त्यांना खलनायक कुणीच म्हटलेलं नाही. स्वतःच्या जागी येणाऱ्याला शिकवून मग नोकरी सोडायची वेळ आली असेल तर माझीही सहानुभूती आहे. पण त्यांची नोकरी मी घेतली नाही, त्यांच्या कंपनीच्या हिशेबाने घेतली. आणि कोर्टापुढचा प्रश्न वेगळाच होता. काम करायची परवानगी कुणाकुणाला द्यायची हे खात्याला ठरवता येतं का, की त्यासाठी संसदच हवी?

कोल्हापुरी_ठसका

मग त्याचं उत्तर तुम्हीच द्या. कायद्यात एच-४ ला काम करता येईल असं कुठे लिहिलंय?

बेएरियाकर

प्रश्न रास्त आहे. थेट कुठेच लिहिलेलं नाही. फिर्यादीचा सगळा दावा त्यावरच होता.

सरकारचा आधार दोन ठिकाणी. एक, बिगरस्थलांतरित व्हिसावर येणाऱ्यांचा मुक्काम किती आणि कोणत्या अटींवर हे नियमाने ठरवायचा अधिकार. दोन, १९८६ च्या कायद्यातली व्याख्या. बेकायदा कामगार कोण, तर ज्याला ग्रीन कार्ड नाही आणि ज्याला या कायद्याने 'किंवा ॲटर्नी जनरलने' काम करायची मुभा दिलेली नाही. आता ती जागा होमलँड सिक्युरिटीकडे आहे. सरकार म्हणतं, 'किंवा'नंतरचे शब्द उगीच नाहीत, खात्याला मुभा देता येते हे संसदेने गृहीत धरलंय. फिर्यादी म्हणतात, ही नुसती व्याख्या आहे, व्याख्येतून अधिकार जन्माला येत नाही.

२०२२ मध्ये वॉशटेक खटल्यात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या ओपीटीच्या (शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीच्या) प्रकरणात, डी.सी. सर्किटने सरकारची बाजू घेतली होती. २०२४ मध्ये फिर्यादी म्हणाले, शेव्हरॉन गेलं, आता वॉशटेकही गेलं पाहिजे. कोर्ट म्हणालं, वॉशटेकचा भार शेव्हरॉनवर नव्हता, आम्ही कायद्याचा मजकूर वाचूनच ते ठरवलं होतं. त्यामुळे एच-४ टिकलं.

आता एल-२ बघा. एल-१ वाल्यांच्या (कंपनीने परदेशातल्या शाखेतून बदलीवर आणलेल्यांच्या) जोडीदारांना काम करू द्या असं संसदेने जानेवारी २००२ मध्ये कायद्यातच लिहिलं. २०२१ च्या शेरगिल तडजोडीनंतर तर त्यांना वेगळं कार्डही लागत नाही. त्याच ऑफिसात, त्याच टीममध्ये नवरा एल-१ वर असेल तर बायको निर्धास्त, एच-१बी वर असेल तर बायको दर निवडणुकीला जीव मुठीत धरून. फरक कायदा आणि नियम यातला आहे.

लंडनकर

आमच्याकडे याच्या पुढची पायरी झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की आश्रय मागणाऱ्यांना पाठवायला रवांडा सुरक्षित नाही. सरकारने काय करावं? २०२४ मध्ये कायदाच केला की रवांडा सुरक्षित आहे आणि सर्वांनी तसं मानावं! पुढे सरकार बदललं आणि योजनाच गुंडाळली.

तिरपागडे

आमच्या गल्लीतला खड्डा बुजलेला आहे असा ठराव महापालिकेने करावा ही नम्र विनंती.

टोरांटोचा_तात्या

कॅनडाची गाडी उलट्या दिशेने चालली आहे म्हणून लिहितो. डिसेंबर २०१९ चा वाव्हिलोव्ह निकाल. टोरांटोत जन्मलेला मुलगा, आईबाप रशियन हेर निघाले, म्हणून नागरिकत्व खात्याने त्याचं नागरिकत्व काढून घेतलं. सुप्रीम कोर्टाने ते परत दिलं. पण तेवढ्याच निकालात सर्वसाधारण नियमही घातला: खात्याचा निर्णय बघताना, कायद्याच्या अर्थाचा प्रश्न असला तरी, तो 'वाजवी' आहे का एवढंच तपासायचं, जजने आपला अर्थ लावत बसायचं नाही. फक्त खात्याने कारणं मात्र नीट दिली पाहिजेत, आणि माणसाच्या आयुष्यावर परिणाम जितका मोठा तितकी कारणं भक्कम हवीत. लोपर ब्राइटच्या साडेचार वर्षं आधी शेजारचा देश बरोबर उलट वळला.

मला हा मार्ग बरा वाटतो. अधिकारी रोज शेकडो फाइली बघतो, त्याला विषय कळतो. जजला मासेमारीपासून व्हिसापर्यंत सगळंच करायचं असतं. (लोपर ब्राइट हा हेरिंग माशांचाच खटला होता, बोटीवरच्या सरकारी निरीक्षकाचा पगार कोळ्यांनी द्यायचा का, यावरचा.)

रेवदंडेकर

तात्या, कोळ्यांच्या बाजूने निकाल लागला एवढं ऐकून मी लोपर ब्राइटच्या बाजूने. कोकणी माणसाला आणखी कारण लागत नाही. हलकेच घ्या.

कज्जेदलाल

भारतात परकीय नागरिकाची स्थिती काय, ते कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. १९५५ च्या हान्स म्युलर निकालात आपल्या सुप्रीम कोर्टाने परकीयाला देशाबाहेर काढायचा सरकारचा अधिकार निरंकुश मानला, आणि तेच अजून उद्धृत होतं. यंदा १ सप्टेंबरपासून नवा इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा लागू झाला, १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार कायदे त्यात विलीन झाले. अधिकार बहुतांशी तसेच कार्यपालिकेकडे. तेव्हा अमेरिकेतल्या खात्याला नावं ठेवताना आपल्याकडे आलेल्या परदेशी माणसाला काय दाद मिळते, हेही बघावं. हे माझं वैयक्तिक मत.

शून्य_प्रहर | १८ ऑक्टोबर २०२५

तीन दिवस वाचतोय. सगळे 'कायद्याचा अर्थ कोण लावणार' यावर भांडताहेत. पण रोजच्या प्रकरणांत अर्थाचा वाद येतो कितीदा? बहुतेक वेळा वाद असतो तो तुमच्या फाइलमधल्या खऱ्याखोट्याचा, किंवा अधिकाऱ्याच्या मर्जीचा. आणि तिथे कोर्टाचं दार गेल्या काही वर्षांत बंद होत चाललंय.

मे २०२२, पटेल विरुद्ध गार्लंड. भारतातून आलेला माणूस, जॉर्जियात ड्रायव्हिंग लायसन्सच्या अर्जावर 'अमेरिकन नागरिक' या चौकटीत खूण झाली. तो म्हणतो चुकून झाली, कारण नागरिक नसतानाही त्याला लायसन्स मिळू शकत होतं. इमिग्रेशन जजने विश्वास ठेवला नाही. ग्रीन कार्डचा अर्ज फेटाळला गेला. सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, वस्तुस्थितीबद्दलचा हा निष्कर्ष साफ चुकीचा असला तरी फेडरल कोर्टाला त्यात बघता येणार नाही, संसदेनेच तशी मनाई केली आहे. विरोधी मत लिहिलं गोर्सच यांनी, तीन उदारमतवादी जजांना सोबत घेऊन.

आणि 'इमिग्रेशन जज' हा शब्द ऐकून फसू नका. ते न्यायखात्याचे नोकर. त्यांच्यावरचं अपील मंडळही त्याच खात्यातलं, आणि ॲटर्नी जनरलला वाटलं तर कुठलंही प्रकरण स्वतःकडे ओढून निकाल फिरवता येतो.

डिसेंबर २०२४, बुआर्फा निकाल, हा तर एकमताने. खात्याने आधी मंजूर केलेली पिटिशन नंतर मागे घेतली तर तो त्यांचा स्वेच्छाधिकार, कोर्टात दाद नाही. तो खटला लग्नाच्या पिटिशनचा होता, पण कलम तेच ज्याखाली आय-१४० ही मागे घेता येतो. एच-४ ईएडी कशावर उभं आहे? मंजूर आय-१४० वर.

व्हिसा स्टॅम्पिंगचं तर बोलायलाच नको. मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत खिडकीपलीकडचा अधिकारी नाही म्हणाला की अपील नाही. जून २०२४ च्या मुन्योझ निकालात अमेरिकन नागरिक बायकोलाही नवऱ्याच्या व्हिसासाठी काही करता आलं नाही.

म्हणजे लोपर ब्राइटने जजच्या हातात कायद्याचं पुस्तक दिलं आणि फाइल खात्याकडेच ठेवली.

मिरजमावशी

+१. शेवटचं वाक्य आमच्या वकिलाला पाठवलं. उत्तर आलं नाही, बिल येईल बहुधा.

रेवदंडेकर

शून्य_प्रहर, पटेल प्रकरण माहीत होतं, बुआर्फाचा आय-१४० शी असलेला धागा डोक्यात आला नव्हता. पण तरी विचारतो, यात दोष जजांचा की दार बंद करणाऱ्या संसदेचा?

शून्य_प्रहर

संसदेचा. १९९६ पासून तिने हेच केलंय. दार बंद करायला तिला वेळ मिळतो, ७ टक्क्यांची मर्यादा उठवायला मिळत नाही. १९९० च्या कायद्यातली वर्षाला १,४०,००० रोजगाराधारित ग्रीन कार्डं आणि एका देशाला ७ टक्के, हे गणित ना कोर्ट बदलू शकतं ना खातं.

बेएरियाकर | २२ ऑक्टोबर २०२५

दिवाळीच्या शुभेच्छा सर्वांना. नव्या एच-१बी अर्जांवरच्या एक लाख डॉलर फीच्या घोषणेबद्दल अजून कुणी लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटतं. १९ सप्टेंबरला सही, २१ पासून लागू. त्या शनिवारी माझा मावसभाऊ पुण्याच्या विमानतळावरून थेट परत निघाला, दिवाळीचं तिकीट वाया गेलं. परवा २० तारखेला खात्याने सांगितलं की आत असलेल्यांच्या मुदतवाढीला आणि स्टेटस बदलाला ती फी नाही. हे पहिल्या दिवशी सांगता आलं असतं.

यात मूळ प्रश्नाचं तिसरं उत्तर दडलंय. हा ना खात्याचा नियम, ना कोर्टाचा निकाल. राष्ट्राध्यक्षांचा प्रवेशबंदीचा अधिकार वापरलाय, इमिग्रेशन कायद्याचं कलम २१२(एफ). २०१८ च्या ट्रम्प विरुद्ध हवाई निकालाने तो फार रुंद करून ठेवलाय. कॅलिफोर्नियात आणि डी.सी.त खटले पडलेत. मुद्दा असा की प्रवेश रोखायचा अधिकार म्हणजे पैसे घेऊन प्रवेश द्यायचा अधिकार का? कर लावायचं काम संसदेचं.

तिरपागडे

जाता जाता एक किस्सा. जानेवारी २०२१ मध्ये एच-१बी लॉटरी बंद करून पगारानुसार निवड करायचा नियम काढला होता. सप्टेंबरमध्ये कोर्टाने रद्द केला. कारण? नियम काढणारे कार्यवाहक सचिव त्या खुर्चीत कायदेशीरपणे बसलेलेच नव्हते. पगार, लॉटरी, कायद्याचा अर्थ वगैरे लांबच राहिलं. यंदा सप्टेंबरात तसाच नियम पुन्हा प्रस्तावित केलाय. या वेळी खुर्ची तपासून घेतली असेल.

बेएरियाकर

हाहा. तिथे लोपर ब्राइट खरंच कामाला येईल बघा. कायद्यात लिहिलंय की व्हिसा 'अर्ज ज्या क्रमाने दाखल होतील त्या क्रमाने' द्यायचे. त्यातून पगारानुसार क्रम कसा काढणार, हे आता जज स्वतः वाचून ठरवणार. अर्थात एखादा चोख जज म्हणेल, यात लॉटरी तरी कुठे लिहिली आहे?

गोदाकाठची | ३१ ऑक्टोबर २०२५

धागा वर काढते आहे. काल नवा नियम आला. ईएडीच्या नूतनीकरणाचा अर्ज वेळेत भरला की जुन्या कार्डावर ५४० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता यायचं, ते बंद. ३० ऑक्टोबरपासून भरलेल्या अर्जांना स्वयंचलित मुदतवाढ नाही. एच-४ सुद्धा त्यात आलं. कार्ड संपलं आणि नवं हातात नाही, तर त्या दिवसापासून घरी.

माझं कार्ड मेमध्ये संपतंय. १८० दिवसांच्या आधी अर्ज घेत नाहीत, म्हणजे २९ तारखेपर्यंत भरायची इच्छा असूनही भरता आलाच नसता.

पंधरवड्यापूर्वी मी इथे जज बरे म्हणून लिहिलं. जजने वाचवलं ते अजून वाचलेलंच आहे, ईएडी द्यायचा अधिकार खात्याला आहे. खात्याने तोच वापरला.

मिरजमावशी

अगं, वाचलं मी काल. यावर आधी हरकती मागवायला नकोत का?

बेएरियाकर

'अंतरिम अंतिम नियम' म्हणून काढलाय, म्हणजे आधी लागू, हरकती नंतर. सुरक्षेचं कारण दिलंय. या पद्धतीला कोर्टात आव्हान देता येतं आणि तिथे शेव्हरॉनचा काही संबंध नाही. हरकती जरूर पाठवा सगळ्यांनी, उत्तर द्यावं लागतं त्यांना. त्यात स्वतःचं काम, पगार, कार्ड संपण्याची तारीख, मालकाला बसणारी झळ असं ठोस लिहा. 'अन्याय झाला' एवढंच लिहिलेल्या पत्राचा पुढे खटल्यात उपयोग होत नाही.

रेवदंडेकर

आधी एच-१बी बरोबर एच-४ आणि ईएडी एकत्र भरलं की तिन्ही एकत्र निघायचे, प्रीमियममध्ये (जादा फी भरून) पंधरा दिवसांत. ते अजून आहे का?

शून्य_प्रहर

ती एडाकुन्नी खटल्यातली तडजोड होती, दोन वर्षांपुरती. जानेवारी २०२५ मध्ये मुदत संपली. आता एकत्र भरलं तरी एकत्र बघायचं बंधन खात्यावर नाही.

गोदाकाठची

म्हणजे तेही गेलंय. ठीक आहे, मग अजून एक प्रश्न. नवऱ्याची एच-१बी मुदतवाढ फेब्रुवारीत भरणार आहेत, माझं आय-९४ (देशात राहायच्या मुदतीची नोंद) ही मेपर्यंतचंच. ईएडी एकटं नोव्हेंबरात भरलं तर नवं कार्ड मेपर्यंतचंच येईल ना? मग मुदतवाढीबरोबरच भरावं का? कुणी एवढ्यात भरलं असेल तर कोणतं सर्व्हिस सेंटर आणि किती महिने लागले ते लिहा. ऑफिसात सोमवारी सांगायचं आहे.